सेकंडहँड लॅपटॉप सुरू केला आणि पडद्यावर भलत्याच कंपनीचं नाव आलं : काय तपासायचं, कुठे थांबायचं

कुडाळात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वर्षातून दोनदा एकच तक्रार रांगेने येते. एकदा जूनमध्ये, कॉलेजच्या अ‍ॅडमिशन सुरू होतात तेव्हा, आणि एकदा गणपती झाल्यावर, चाकरमानी भावाने किंवा काकाने मुंबईहून आणून दिलेले लॅपटॉप घरोघरी उघडले जातात तेव्हा. लॅपटॉप दिसायला चांगला असतो, दणकट असतो, नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळालेला असतो. पण तो अजून जुन्या कंपनीच्या ताब्यात असतो.

लक्षणं

पुढचं काही दिसत असेल तर तुमची अडचण हीच आहे.

लॅपटॉप रिसेट करून सुरू केला. देश निवडला, कीबोर्ड निवडला, वायफायचा पासवर्ड टाकला. ठिपके गोल गोल फिरले आणि एकदम कुठल्यातरी कंपनीच्या नावाने स्वागत झालं. खाली त्या कंपनीचा ईमेल मागतो. आपला जीमेल टाकला तर घेत नाही आणि मागेही जाता येत नाही.

मॅकबुक असेल तर वायफाय जोडल्यावर ‘रिमोट मॅनेजमेंट’ असा पडदा येतो आणि त्यावर एखाद्या संस्थेचं नाव असतं.

विंडोज सुरू व्हायच्या आधीच काळ्या पडद्यावर कुलपाचं चित्र आणि पासवर्डची चौकट येते.

निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो.

लॅपटॉप चालतो, पण सेटिंग्जमध्ये जागोजागी लिहिलेलं असतं की काही गोष्टी तुमची संस्था सांभाळते. अपडेट थांबवता येत नाही, वॉलपेपर बदलत नाही, पेनड्राइव्ह लावला तर उघडत नाही.

आणि सगळ्यात फसवं लक्षण : तीन-चार महिने लॅपटॉप उत्तम चालला, मग एके दिवशी हळू झाला म्हणून घरीच रिसेट केला आणि कंपनीचं नाव उगवलं.

कुलूप नेमकं कुठे असतं

हे समजलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ जातं, म्हणून आधी हे.

माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण म्हणतो, ‘फॉरमॅट मारून द्या, जाईल.’ नाही जात. कंपनी लॅपटॉप विकत घेते तेव्हा त्या मशीनची ओळख, म्हणजे सिरीयल नंबर, मॉडेल आणि आतल्या भागांच्या खुणा मिळून बनलेला एक लांबलचक संकेतांक, मायक्रोसॉफ्टकडे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवते. या सोयीचं नाव विंडोज ऑटोपायलट. मायक्रोसॉफ्टने ती २०१७ मध्ये आणली. नवा माणूस नोकरीला लागला की लॅपटॉप थेट त्याच्या घरी पाठवायचा, त्याने फक्त नेट जोडायचं, बाकीची मांडणी आपोआप व्हावी, यासाठी ती आहे. विंडोजची पहिली मांडणी चालू असताना लॅपटॉप नेटवरून विचारतो की मी कोणाचा, आणि मायक्रोसॉफ्टकडच्या यादीत ज्या कंपनीचं नाव असेल ते उत्तर येतं.

म्हणजे कुलूप तुमच्या डिस्कवर नाही, ते त्या यादीत आहे. डिस्क पुसा, नवी एसएसडी टाका, विंडोज दहा वेळा घाला, बाकीच्या खुणांवरून मशीन ओळखू येतं. अ‍ॅपलकडे हीच पद्धत अ‍ॅपल बिझनेस मॅनेजर या नावाने चालते. दोन्हीकडे नाव काढायचा हक्क एकाच पक्षाचा : ज्या कंपनीने घातलं तिचा. ज्या विक्रेत्यामार्फत कंपनीने नोंद केली असेल तोही काही वेळा काढू शकतो, पण कंपनीच्या सांगण्यावरूनच.

यात कोणी बदमाश असतोच असं नाही. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी जुने लॅपटॉप लॉटमध्ये व्यापाऱ्यांना विकतात. मशीन गोदामातून बाहेर पडतं, हिशेबाच्या वहीतून उतरतं, पण आयटी विभागाच्या यादीतून काढायचं राहून जातं. तो लॉट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला येतो, तिथून छोट्या विक्रेत्याकडे, तिथून तुमच्या भावाच्या हातात. मधल्या कोणीच नेट जोडून मांडणी केलेली नसते.

आता तपासण्या. फुकटात होणाऱ्या आधी.

१. पडदा नीट वाचा आणि फोटो काढा

पैसा लागत नाही, दोन मिनिटं लागतात, आणि अर्धं काम इथेच होतं. कारण वर दिलेली लक्षणं वेगवेगळ्या कुलपांची आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. विंडोजच्या आधी आलेला पासवर्ड बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, बोर्डातच बसवलेल्या प्रोग्रॅमचा. ४८ आकड्यांची मागणी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. नेट जोडल्यावर आलेलं कंपनीचं नाव ऑटोपायलटचं. जुन्या माणसाचं नाव आणि त्याचा पासवर्ड मागणारा साधा लॉगिन पडदा म्हणजे फक्त न पुसलेलं जुनं खातं. तो रिसेटने जातो, त्याची काळजी नको.

फोटोत कंपनीचं नाव, मागितलेल्या ईमेलचा शेवटचा भाग आणि तळाशी काही मजकूर असेल तर तोही आला पाहिजे. पुढे कंपनीला लिहाल तेव्हा हाच फोटो लागतो. माझ्याकडे येईपर्यंत लोकांनी इतकी बटणं दाबलेली असतात की मूळ पडदा कोणता होता हे कोणालाच सांगता येत नाही.

२. कुलूप तुम्हीच तर लावलं नाही ना?

हा प्रश्न ऐकून लोकांना राग येतो, पण विचारावाच लागतो. ‘संस्थेकडून नियंत्रित’ असं दाखवणाऱ्या लॅपटॉपांपैकी बरेच माझ्या टेबलावर पाच मिनिटांत मोकळे होतात.

होतं असं : कॉलेज मुलांना ईमेल खातं देतं. मुलगी टीम्स किंवा वर्डमध्ये त्या खात्याने साइन इन करते. मध्येच एक चौकट येते, ‘माझ्या संस्थेला हे डिव्हाइस सांभाळू द्या’, आणि खूण आधीच केलेली असते. ती ‘ओके’ दाबते. त्या क्षणापासून लॅपटॉप कॉलेजच्या नोंदीत.

सेटिंग्ज उघडा, अकाउंट्समध्ये जा, ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ वर दाबा. तिथे कॉलेजचं किंवा ऑफिसचं खातं दिसलं आणि ते तुमचंच असेल तर ‘डिस्कनेक्ट’ करा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. डिस्कनेक्ट करण्याआधी तुमचं दुसरं अ‍ॅडमिन खातं लॅपटॉपवर आहे याची खात्री करा, नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर राहाल. आणि लॅपटॉप सध्याच्या नोकरीने दिलेला असेल तर काहीच काढू नका, तो त्यांचाच आहे.

फक्त क्रोममध्ये तसा मजकूर दिसत असेल तर क्रोमच्या पॉलिसीच्या पानावर कोणते नियम लागू आहेत ते दिसतात. काही वेळा ते अँटिव्हायरसने घातलेले असतात. त्यात कंपनीचा संबंध नसतो.

तिथे अनोळखी कंपनीचं नाव दिसलं तर मात्र पुढे चला.

३. तळाचं स्टिकर आणि आतला नंबर जुळतो का

लॅपटॉप उलटा करा. उजेडात धरा, मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. कंपनीचं मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर काढलेलं असलं तरी गोंदाची चौकोनी खूण राहते आणि तिथला रंग आजूबाजूपेक्षा गडद दिसतो. मागच्या महिन्यात आचऱ्याहून आलेल्या एका लॅपटॉपवर स्टिकर नखाने खरवडलेलं होतं, पण बारकोडच्या खालचे शेवटचे चार आकडे आणि ‘प्रॉपर्टी ऑफ’ एवढी अक्षरं अजून वाचता येत होती. स्क्रूंची डोकी झिजलेली होती, म्हणजे कोणीतरी तो एकापेक्षा जास्त वेळा उघडला होता.

मग बायोसमध्ये जा. लॅपटॉप सुरू करताना डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१ दाबत राहायचं. तिथला सिरीयल नंबर किंवा सर्व्हिस टॅग आणि तळाच्या स्टिकरवरचा नंबर एकच आहे का ते बघा. एकच नसेल तर मदरबोर्ड बदललेला आहे, किंवा खालची बॉडी दुसऱ्या मशीनची आहे. हे महत्त्वाचं, कारण ऑटोपायलटची ओळख मुख्यतः बोर्डाबरोबर जाते. स्टिकरवरचा नंबर साफ असला तरी आतला बोर्ड कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीच्या यादीत असू शकतो. कंपनीला लिहिताना बायोसमधला नंबर द्यायचा, स्टिकरवरचा नाही.

बायोसमध्येच सिक्युरिटीच्या पानावर ‘अ‍ॅब्सोल्यूट’ किंवा जुन्या मशीनवर ‘कॉम्प्युट्रेस’ असं काही दिसतं का ते पाहा. समोर ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ असेल तर चोरी झालेलं मशीन शोधायची आणि दुरून गोठवायची सोय चालू आहे. ही सोय फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये असते. विंडोज नव्याने घातलं तरी ती परत येते. असा लॅपटॉप वापरायला घेऊ नका. आज चालेल, उद्या परीक्षेच्या आदल्या दिवशी बंद पडेल. ‘डिसेबल्ड’ असेल तर प्रश्न नाही.

४. नेट जोडून रिसेट

खरी परीक्षा ही. आधीच्या तीन गोष्टी झाल्याशिवाय इथे येऊ नका, कारण यात आतलं सगळं जातं. फोटो, नोट्स, प्रोजेक्ट बाहेर काढून ठेवा.

सेटिंग्जमधून ‘रिसेट धिस पीसी’ आणि सगळं काढून टाकायचा पर्याय. क्लाउडमधून विंडोज उतरवायचा पर्याय निवडला तर ४ जीबीहून जास्त डेटा जाऊ शकतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा पॅक संपेल. त्यापेक्षा ‘लोकल’ हा, लॅपटॉपमध्येच असलेल्या फाइल्स वापरणारा पर्याय घ्या, किंवा ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज बनवून आणा. चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली हवी. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि रिसेट अर्ध्यावर तुटला तर लॅपटॉप दुकानातच आणावा लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मांडणी करताना नेट जोडलेलंच पाहिजे आणि ते टिकणारं पाहिजे. कुलूप नेटवरच दिसतं. विक्रेत्याने नेट न जोडता मांडणी करून दिलेली असते म्हणून तुम्हाला महिनोन्महिने काही कळत नाही. आणि गावात रेंजची एकच दांडी येत असेल, डोंगराच्या कुशीत घर असेल, तर घरी केलेली तपासणीही फसवते : नेट मध्येच तुटलं की मशीनचं विचारणं पुरं होत नाही आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून हे काम फायबर असलेल्या ठिकाणी, तालुक्याला, मित्राच्या घरी करा.

कंपनीचं नाव आलं तर ऑटोपायलट नक्की. नाव आलं नाही आणि साधी मांडणी पुढे गेली तर लॅपटॉप मोकळा आहे. जुनी कंपनी फक्त सॉफ्टवेअरने जोडलेली होती, ती पुसली गेली.

मॅकलाही हाच नियम : पूर्ण पुसायचं, वायफाय जोडायचं, पडदा येतो का बघायचं. मॅकवर आणखी एक वेगळं कुलूप असतं, अ‍ॅक्टिव्हेशन लॉक. ते बहुतेक वेळा जुन्या माणसाच्या स्वतःच्या अ‍ॅपल खात्याचं असतं आणि तो माणूस आपल्या घरून काढू शकतो. लोक या दोन्हींची गल्लत करतात. पडद्यावर संस्थेचं नाव असेल तर संस्थेला गाठा, अर्धवट झाकलेला ईमेल असेल तर त्या माणसाला.

विंडोजच्या लायसन्सची भीती अनेकांना वाटते. कंपनीचं घाऊक लायसन्स गेल्यावर विंडोज बंद पडेल का? ब्रँडेड लॅपटॉपवर मूळ विंडोजची की बायोसमध्येच साठवलेली असते. स्वच्छ मांडणी केली आणि आवृत्ती तीच ठेवली की ती आपोआप उचलली जाते.

५. बिटलॉकरची की मागत असेल तर

दोन वेगळ्या परिस्थिती आहेत.

लॅपटॉप तुम्हीच मांडलेला आहे, तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने, आणि बायोसमध्ये काही बदलल्यावर की मागायला लागला : मोबाइलवर त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साइन इन करा, डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की सापडते. पडद्यावरच्या की आयडीची सुरुवात तिथल्या आयडीशी जुळवा, मग ४८ आकडे टाका.

लॅपटॉप नुकताच विकत घेतलेला आहे आणि पहिल्यांदा सुरू करतानाच की मागतो : आतली माहिती जुन्या कंपनीची आहे. ती तुम्हाला नको आहे आणि उघडण्याचा हक्कही नाही. पेनड्राइव्हवरून विंडोज घालताना जुनी सगळी पार्टिशनं काढून टाका, कीची गरज पडत नाही. पण हे करायच्या आधी विक्रेत्याला विचारा की मशीन डिस्क न पुसता विक्रीला कसं आलं. रीतसर विकलेला लॅपटॉप सहसा पुसलेला असतो. न पुसलेली डिस्क दिसली की मी बिल बघितल्याशिवाय हात लावत नाही.

६. कागद

बिल काढा. त्यावर विक्रेत्याचं नाव, जीएसटी नंबर आणि लॅपटॉपचा सिरीयल नंबर आहे का? नुसतं ‘युज्ड लॅपटॉप, एक नग’ असेल तर ते पुरत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. यूपीआयचा व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, जाहिरातीचा फोटो, सगळं जपून ठेवा.

आचऱ्याच्या त्या लॅपटॉपबरोबर मुलगा आणि त्याचे वडील दोघे आले होते. वडिलांनी काजू बी विकून पैसे दिले होते. मी समजावून सांगत होतो तोवर ते गप्प होते. मग त्यांनी एकच विचारलं, ‘दादा, ह्यो लॅपटॉप माझो की कंपनीचो?’ मी म्हटलं, तेच आपल्याला आधी शोधायचंय. बिल होतं, सिरीयल नंबरही होता. तिथून रस्ता निघाला.

७. विक्रेत्याला फोन, कंपनीला पत्र

आधी विक्रेता. तो परत घेत असेल, बदलून देत असेल, तर वाद न घालता बदलून घ्या. सगळ्यात कमी वेळ यातच जातो. ‘नेट न जोडता मांडणी करा, काही होत नाही’ असं तो म्हणाला तर ऐकू नका. ते मी कोणालाच करून देत नाही. कारण कुलूप तिथेच राहतं. पुढच्या रिसेटला परत येतं, तोवर विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलेलं असतं, आणि तुमचं सगळं काम अशा मशीनवर असतं की ज्यावर कागदोपत्री दुसऱ्याचा हक्क आहे.

विक्रेता हात वर करत असेल तर कंपनी. हे काम लोक टाळतात, ‘एवढी मोठी कंपनी आपल्याला कशाला उत्तर देईल’ म्हणून. देतात. सगळ्याच देत नाहीत, पण देतात. त्यांनाही नको असतं की त्यांचं नाव कुठल्यातरी अनोळखी लॅपटॉपवर फिरत राहावं. कंपनीच्या वेबसाइटवर आयटी मदतकक्षाचा पत्ता नसेल तर सर्वसाधारण संपर्काच्या पत्त्यावर लिहा आणि ‘आयटी अ‍ॅसेट विभागाकडे पाठवावे’ असं वर घाला.

पत्र छोटं हवं. मी लोकांना असं लिहून देतो :

‘महोदय, मी अमुक तारखेला अमुक विक्रेत्याकडून एक वापरलेला लॅपटॉप घेतला. मॉडेल अमुक, सिरीयल नंबर अमुक. मांडणी करताना आपल्या कंपनीचं नाव येतं. बिल आणि पडद्याचा फोटो सोबत जोडला आहे. हा लॅपटॉप आपण विकलेला किंवा निकाली काढलेला असल्यास कृपया तो विंडोज ऑटोपायलट आणि इंट्यूनच्या यादीतून काढावा. तो विकलेला नसल्यास तसं कळवावं, मी परत करण्यास तयार आहे.’

इंट्यून म्हणजे कंपन्यांना लॅपटॉप दुरून सांभाळता यावेत यासाठीची मायक्रोसॉफ्टची सेवा. मॅक असेल तर ‘अ‍ॅपल बिझनेस मॅनेजरमधून रिलीज करावा’ असं लिहा. इंग्रजीत पाठवा, कारण वाचणारा बंगळुरूचा किंवा पुण्याचाही असेल. शेवटचं वाक्य गाळू नका. त्या एका वाक्याने पत्र वाचणाऱ्याला कळतं की समोर प्रामाणिक माणूस आहे.

आठवड्याने एकदा आठवण करा. या काळात लॅपटॉप वापरू नका, विकू नका, भाग काढू नका.

काही जण विचारतात, विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी फुकट प्रणाली घातली तर? ऑटोपायलट विंडोजच्या मांडणीत चालतं, लिनक्समध्ये तो पडदा येत नाही. कंपनीने लिहून दिलं असेल की मशीन आम्ही विकलंय, फक्त यादीतून काढायला वेळ लागतोय, तर तोवर लिनक्सवर अभ्यास चालवायला माझी हरकत नाही. तसं लिहून आलेलं नसेल तर प्रश्न विंडोज की लिनक्स हा नाहीच.

इथे थांबा

बायोसचा सुपरवायजर पासवर्ड असेल तर थांबा. थिंकपॅडच्या बाबतीत लेनोवोचं स्वतःचं सांगणं आहे की हा पासवर्ड विसरला तर मदरबोर्ड बदलावा लागतो. बाजारात चिप काढून पुन्हा लिहून देणारे भेटतात. मालकी सिद्ध नसताना ते करून घेऊ नका, आणि खाऱ्या हवेत दोन-चार पावसाळे काढलेल्या बोर्डावर गरम हवेचा झोत मारला की आधीच हिरवट पडलेले सांधे सुटतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बिल घेऊन उत्पादकाच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. डेलकडे सर्व्हिस टॅगवरून मालकी बदलाची नोंद करून घेता येते. मशीन मोकळं झाल्यावर तीही करून ठेवा.

अ‍ॅब्सोल्यूट चालू असेल, किंवा पडद्यावर मशीन हरवल्याची किंवा चोरीला गेल्याची सूचना असेल तर थांबा. कंपनीने ‘हा आम्ही विकलेला नाही’ असं कळवलं तरी थांबा. आता हे दुरुस्तीचं काम राहिलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असून, अप्रामाणिकपणे जवळ ठेवणं गुन्हा आहे. कंपनीचं उत्तर हातात पडल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. बिल आणि ते उत्तर घेऊन पोलीस ठाण्यात जा, एखादा ओळखीचा वकील बरोबर असेल तर उत्तम.

विक्रेता पैसे देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे न सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, आणि वकील न देता स्वतः तक्रार मांडता येते. वीस-पंचवीस हजारांसाठी कोण धावपळ करणार असं म्हणू नका. कोणाच्या तरी घरची एका हंगामाची काजू बी असते ती.

पैसे द्यायच्या आधी

मुंबईत घेणाऱ्या भावाला हे पाठवा. दुकानात उभं राहून मशीन रिसेट करायला लावायचं आणि तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मांडणी करायला लावायची. अर्धा-पाऊण तास जातो. तेवढा वेळ द्यायला दुकानदार तयार नसेल तर दुसरं दुकान बघायचं. बायोस उघडून नंबर जुळवायचा, तोच नंबर बिलावर लिहून घ्यायचा. प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

मोकळा झाला हे कसं ओळखायचं

कंपनीने ‘काढलं’ असं कळवलं की लगेच उघडू नका, एक दिवस जाऊ द्या. यादीतला बदल सगळीकडे पोचायला वेळ लागतो. मग पुन्हा पूर्ण रिसेट करा, नेट जोडून. जुनी मांडणी आत साठलेली असते, रिसेट न करता नुसतं बंद-चालू केलं तर जुनंच नाव परत दिसेल आणि तुम्ही उगाच कंपनीला दुसरं पत्र लिहाल.

आचऱ्याच्या लॅपटॉपला उत्तर यायला सतरा दिवस लागले. दोन ओळींचं होतं : मशीन विक्रीच्या लॉटमधलं आहे, यादीतून काढलं आहे. दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावून घेतलं आणि बटणं त्यालाच दाबायला लावली. देश, कीबोर्ड, दुकानातलं वायफाय. ठिपके फिरले. अपडेट झाला, एकदा बंद होऊन सुरू झाला. मग पडद्यावर प्रश्न आला : हे डिव्हाइस तुमच्या स्वतःच्या वापरासाठी मांडायचं की काम किंवा शाळेसाठी? विंडोज प्रो असलेल्या लॅपटॉपवर हा प्रश्न दिसला की समजायचं नाव निघालं, कारण यादीत असलेल्या मशीनला तो विचारलाच जात नाही. त्याने पहिला पर्याय निवडला.